टायरवरचे आकडे काय सांगतात? समृद्धीवर चढण्याआधी ऐका

हिवरा आश्रमहून मी पुन्हा हजर. ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकला पण आकडे टिपायचे राहिले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलण्यातलं "हं", "म्हणजे कसं" तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय टायर. आणि तोही आत्ताच का, ते आधी सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे गाडी असली तरी ती पळणार किती? इथून मेहकर, मेहकरहून चिखली, फार तर लोणार. मध्ये गतिरोधक, मध्ये बैलगाडी, मध्ये शाळा सुटलेली. काटा साठच्या वर गेला की मागच्या सीटवरून आई म्हणायची, "हळू चालव रे बाबा." त्या वेगात टायर कसाही असला तरी चालून जायचं. मग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही उघडला आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. आपल्याला मेहकरचा इंटरचेंज जवळ. कारसाठी वेगमर्यादा १२०. म्हणजे कालपर्यंत साठनं चालणारी तीच गाडी, तेच टायर, आणि आज चार-चार तास न थांबता १२० वर.

गाडी बदलली नाही, टायर बदलला नाही, काम मात्र दुप्पट झालं. आणि हे काम टायरला झेपतं की नाही, हे टायरवरच लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

तर हा भाग ऐकताना जमलं तर गाडीजवळ जा. मोबाईलचा टॉर्च लावा, कारण काळ्यावर काळी अक्षरं, दिवसाही नीट दिसत नाहीत. धूळ असेल तर ओला फडका फिरवा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात दिसेल, ते सोडा. त्याच्या आसपास एक ओळ सापडेल, इंग्रजी अक्षरांत. आपण उदाहरणाला अशी ओळ घेऊ:

१६५/८० आर १४ ८५ टी

स्विफ्ट-डिझायरच्या बऱ्याच गाड्यांवर १६५/८० आर १४ हा साइज दिसतो, म्हणून हा घेतला. तुमच्या गाडीवर दुसरे आकडे असतील, वाचायची रीत तीच.

पहिला आकडा १६५. ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत. जमिनीला टेकणारा भाग यापेक्षा थोडा कमी असतो.

दुसरा आकडा ८०. इथे बहुतेक जण अडकतात. हे मिलिमीटर नाही, इंचही नाही, हे टक्के आहेत. टायरच्या बाजूची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं रबर, हे रुंदीच्या ८० टक्के. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. हा आकडा जितका लहान, तितका टायर बसका. ६५ चा, ५५ चा टायर दिसायला भारी दिसतो, वळणावर गाडी घट्ट धरतो. पण खड्ड्यात आपटला तर रिम आणि दगड यांच्यामध्ये रबर कमी असतं. आपल्या गावाकडच्या रस्त्यांना उंच बाजूचा टायर बरा, हे माझं स्पष्ट मत. मुंबई-पुण्याचे रिव्ह्यू बघून कोणी बसके टायर घालू नका.

मग "आर". कॉलेजातल्या पोरांना विचारलं तर दहातले आठ सांगतात, आर म्हणजे रेडियस. नाही! आर म्हणजे रेडियल. टायरच्या आतले धागे कसे टाकलेत, त्याचं ते नाव. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ आडवे जातात आणि वर, जमिनीकडच्या बाजूला, पोलादी तारांचा पट्टा असतो. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीनं १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या टायरात धागे तिरपे, एकावर एक फुली मारल्यासारखे असायचे. तो प्रकार अजून गेलेला नाही, पुढे ट्रॅक्टरपाशी भेटेल.

आरच्या पुढचा १४ हा रिमचा व्यास, इंचात. व्यास, त्रिज्या नव्हे. आणि रिमचा, अख्ख्या टायरचा नव्हे.

आता बघा गंमत. एका ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, व्यास इंचात. हे कोणी मुद्दाम कोडं घातलेलं नाही. रिम जुन्या काळापासून इंचात मोजत आले, बाकीचं नंतर बदललं, पण रिमला कोणी हात लावला नाही. आपल्या शेतात तरी वेगळं काय आहे? दुकानात "अडीच इंची पाइप द्या" म्हणतो आणि घरी आणलेल्या पाइपवर लिहिलेलं असतं ७५ मिलिमीटर. कोणाचं काही अडतं का?

या तीन आकड्यांवरून अख्ख्या चाकाची उंची काढता येते. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची बाजू १३२ आणि खालची बाजू १३२ मिळवा. ६१९.६. म्हणजे साधारण ६२ सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, दोनदा लागणार आहे.

आता शेवटची दोन. ८५ आणि टी. पंक्चरच्या दुकानातही यांच्याकडे कोणी बघत नाही. टायर घ्यायला गेलं की प्रश्न एकच, "साइज काय?" साइज जुळला की झालं काम. पण समृद्धीवर जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर या दोन खुणांत आहे.

आधी टी. हे वेगाचं अक्षर. प्रत्येक अक्षराला एक वेग ठरवून दिलाय. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम १३०, एन १४०, पी १५०, क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००. इथपर्यंत बाराखडी सरळ चालते. मग २१० ला येतो एच! मागचा एच मध्येच पुढे कसा घुसला? कारण जुना आहे. सुरुवातीला युरोपात तीनच पायऱ्या होत्या. एस, एच आणि व्ही. मधली अक्षरं नंतर बसवली, पण एच जिथं होता तिथंच राहिला. व्ही आता २४० चा, डब्ल्यू २७० चा, वाय ३०० चा.

इथे तुम्ही म्हणाल, मग काळजी कशाची? टी म्हणजे १९०, आपण चालवणार १२० नं. सत्तर किलोमीटर शिल्लक!

हाच तो गैरसमज, आणि यासाठीच आजचा भाग. टी म्हणजे १९० हे खरं, पण कोणत्या अटींवर? ही चाचणी कशी होते ते ऐका. नवाकोरा टायर घेतात. त्यात ठरवून दिलेली हवा भरतात. एका मोठ्या फिरत्या ड्रमवर तो ठरलेल्या वजनानं दाबून धरतात आणि टप्प्याटप्प्यानं वेग वाढवत नेतात. सगळी मिळून साधारण तासाभराची चाचणी. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या आसपास. त्यात टायर टिकला की अक्षर मिळालं.

आता आपला टायर. पाच वर्षांचा. हवा शेवटची कधी बघितली आठवत नाही. गाडीत पाच माणसं, डिकीत गव्हाचं पोतं आणि लोणच्याची बरणी. मे महिन्याची दुपार, विदर्भातलं ४३-४४ अंशांचं ऊन. आणि तास नाही, चार तास. ड्रमवरचा टी आणि हा टी, अक्षर एकच, परिस्थिती एक तरी सारखी आहे का?

टायरचा खरा वैरी वेग नाही, उष्णता. आणि ती नुसती उन्हातून येत नाही, टायर स्वतःच तयार करतो. कशी, ते सांगतो. लोखंडी तार हातात धरून इकडे-तिकडे दहा-वीस वेळा वाकवलीत तर काय होतं? वाकवतो तिथे गरम होते आणि शेवटी तुटते. टायरचंही तसंच. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, वर गेला की पुन्हा सरळ होतो. प्रत्येक फेरीत एकदा दबणं, एकदा सरळ होणं.

आता मघाचा आकडा काढा. ६२ सेंटिमीटर उंचीच्या चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. भागाकार करा. सेकंदाला १७ फेऱ्या! डोळ्याची पापणी लवेपर्यंत टायरची तीच जागा तीन-चार वेळा दबून सरळ झालेली असते. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरमध्ये अडीच लाखांहून जास्त वेळा.

हवा बरोबर असेल तर टायर थोडाच दबतो, थोडाच तापतो, वाऱ्यानं निवतोही. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, बाजूचं रबर जास्त वाकतं. साठच्या वेगात हे चालून जातं, कारण फेऱ्या निम्म्या आणि मध्ये गतिरोधक, चहा, फाटक, टायरला निवायला वेळ मिळतो. १२० वर वेळच मिळत नाही. तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की टायर तापतच जातो. आतल्या पोलादी पट्ट्याला चिकटलेलं रबर सुटायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. मग कधीतरी वरची साल निघते किंवा बाजू फाटते आणि लोक म्हणतात, "अचानक टायर फुटला." तो अचानक फुटलेला नसतो. तासाभरापासून, कधी कधी महिनाभरापासून फुटत आलेला असतो.

"सिमेंटच्या रस्त्यानं टायर फुटतात" असं पारावर रोज ऐकतो. उन्हात रस्ता तापतो, हे खरंच आहे. पण त्याच रस्त्यावरून, त्याच उन्हात हजारो गाड्या जातात. ज्यांचे टायर फुटतात त्यांची हवा, वय आणि वजन आधी विचारा, मग सिमेंटला शिव्या द्या. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागानं समृद्धीवर टायर तपासायची मोहीम घेतली, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या अडवल्या, ती उगाच नाही.

आणि याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खाजगी बसला अपघात होऊन आग लागली. २५ माणसं गेली. त्या पहाटे मोबाईलवर पहिली बातमी फिरली ती "टायर फुटला" हीच, कारण चालकानं तसं सांगितलं होतं. पुढे आरटीओच्या अहवालात आलं की टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. हे मुद्दाम सांगतोय. टायर वाचायला शिकणं म्हणजे प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणं नव्हे. झोप, दारू, अतिवेग यांच्यापुढे कोणतंही अक्षर कामाचं नाही.

बरं, आता ८५. हा वजनाचा आकडा. ८५ म्हणजे ८५ किलो नाही. हा क्रमांक आहे, त्याच्यासमोर किलो ठरलेले असतात. ७९ म्हणजे ४३७ किलो, ८१ म्हणजे ४६२, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. एका टायरला इतकं. आपल्या उदाहरणात चार टायरचे मिळून २०६० किलो.

पुन्हा वाटेल, भरपूर आहे. पण गाडीचं वजन चार चाकांवर सारखं नसतं. माणसं आणि सामान मागं बसलं की मागची दोन चाकं दबतात. आणि हे ५१५ किलो ठरलेल्या हवेत धरलेले आहेत. वजन रबर उचलत नाही मंडळी, वजन हवा उचलते. रबर हवेला धरून ठेवतं. हवा कमी झाली की ५१५ हा आकडा लिहिलेला राहतो, खरा राहत नाही.

लग्नसराईत सात सीटच्या गाडीत नऊ जण, वर कॅरियरवर बॅगा, आणि निघाले समृद्धीवरून नागपूरला. हे चित्र मी दर उन्हाळ्यात बघतो. त्यांना कोणी हटकत नाही, कारण नऊ जण दिसतात, हवा दिसत नाही.

टायर बदलताना पाळायचा नियम सोपा आहे. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीनं दिलं त्यापेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही. वर चालेल. ८५ टी होता तर ८५ एच चालेल, ८८ टी चालेल. त्याच साइजमध्ये ८१ मिळाला आणि चारशे रुपयांनी स्वस्त आहे, तर नको. दुकानदार म्हणेल, "दादा, साइज सेम आहे, काही फरक पडत नाही." आपण शांतपणे टॉर्च लावून ती ओळ दाखवायची.

मालवाहू छोट्या गाड्यांचे टायर वेगळे असतात. त्यांच्यावर "एलटी" आणि "८ पीआर" असं काही दिसेल. तो टायर जास्त हवा, जास्त वजन सोसायला बनवलेला असतो. त्याच्या जागी कारचा टायर बसला तरी बसवायचा नाही. भाजीपाला घेऊन पहाटे निघणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

आता ट्रॅक्टर, कबूल केलं होतं तसं. आपल्या गावात जानेवारीत विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो, शेतात लाखो माणसांच्या पंगती बसतात आणि ट्रॅक्टर पंगतीतून फिरत वाढप होतं, हे बाहेरच्या श्रोत्यांनीही व्हिडिओत बघितलं असेल. पुढच्या वेळी त्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर बघा. १३.६-२८ असं काहीतरी दिसेल. इथे मिलिमीटर नाही, टक्के नाही. १३.६ इंच रुंदी, २८ इंच रिम आणि मधे आर नाही, नुसती आडवी रेघ. ती रेघ म्हणजे तिरप्या धाग्यांचा जुना प्रकार. वेगाचं अक्षर असलं तर बहुधा ए ८ दिसेल. ए ८ म्हणजे ताशी ४०. ए ६ म्हणजे ३०. म्हणून रिकामी ट्रॉली जोडून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर पळवणारे आपले भाऊ टायरच्या हिशेबानंही चूकच करत असतात, फक्त कायद्याच्या नाही.

हवेबद्दल एक मोठा गोंधळ आहे, तो सोडवू. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात हवेचा एक आकडा असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय असा. तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते! तुमच्या गाडीला किती हवी, ते गाडीवर लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक स्टिकर दिसेल. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे असतो. त्यावर पुढची-मागची वेगळी आणि बऱ्याचदा कमी माणसं-पूर्ण माणसं यांचीही वेगळी हवा दिलेली असते. पूर्ण भरून निघायचं तर दुसरा आकडा.

आणि ही हवा थंड टायरची. म्हणजे सकाळी, गाडी किमान दोन-तीन तास उभी असताना. गाडी पळाली की हवा तापून दाब वाढतो, ते स्टिकरवाल्यांनी आधीच धरलेलं असतं. दहा अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतं. म्हणून समृद्धीवर मध्ये थांबून, गरम टायर बघून "अरे, ३८ झाली, काढ थोडी" असं करू नका. काढलीत तर थंड झाल्यावर ती कमी भरणार, आणि कमी हवेचं काय होतं ते आताच बोललो. उलट मे महिन्यात भरलेली हवा जानेवारीत आपोआप कमी दाखवते, शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद पीएसआय निघून जातेच. महिन्यातून एकदा आणि लांब निघायच्या सकाळी, बस.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. भरलात तर वाईट नाही, पण नायट्रोजन भरलाय म्हणून हवा तपासायची नाही असं होत नाही. फुकट हवेनं वेळेवर तपासलेला टायर बरा.

एक खूण अजून राहिली, टायरचं वय. "डॉट" या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी चार आकडे असतात. समजा २३२२. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०२२ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जून २०२२. एका बाजूला दिसले नाहीत तर टायरच्या आतल्या बाजूला असतील, वाकून बघावं लागेल. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, ऊन लागलं तर लवकर. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी सांगतात आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी बदला म्हणतात. नवा टायर घेताना हे चार आकडे आधी बघा, बिल नंतर. आणि सेकंड हँड टायर घेणाऱ्यांनो, नक्षी खोल दिसते म्हणून भुलू नका, आधी हे चार आकडे.

नक्षीचं मोजमापही टायरवरच आहे. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला "टीडब्ल्यूआय" अशी खूण असते. झिजता झिजता नक्षी त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिलिमीटर उरली. कारला नियमानं इतकी किमान लागतेच, दुचाकीला ०.८. पावसाळ्यात मी तर त्याआधीच बदला म्हणेन, कारण पाणी बाहेर ढकलायला खाच लागते.

आता मागच्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न.

एका दोस्तानं विचारलं, मोठा टायर टाकला तर गाडी भारी दिसेल, टाकू का? हिशेब करून बघ. १६५/८० आर १४ ची उंची ६१९.६. त्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. १८५ चे ६५ टक्के १२०, दोन्ही बाजूंचे २४०, रिमचे ३८१. झाले ६२१. फरक दोन मिलिमीटरचा! कंपनी रिम वाढवते तेव्हा बाजू कमी करून उंची तीच ठेवते. पण तू जुन्याच रिमवर १८५/८० आर १४ चढवलास तर उंची होते ६५१, म्हणजे पाच टक्के जास्त. चाक तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर जाणार आणि काट्याला ते कळणार नाही. काटा १२० दाखवेल, गाडी १२६ नं पळेल. समृद्धीवरचा कॅमेरा तुझा काटा बघत नाही रे, गाडी बघतो.

एका ताईचा प्रश्न, स्कूटी आणि बाइकवर पण हे असतं का? असतं. दुचाकी समृद्धीवर नेता येत नाही, पण मेहकर-चिखली तर रोज आहे. उदाहरणार्थ ८०/१००-१८ ४७ पी. रुंदी ८०, उंची रुंदीच्या १०० टक्के म्हणजे तीही ८०, रेघ म्हणजे तिरपे धागे, रिम १८ इंच, ४७ म्हणजे १७५ किलो, पी म्हणजे १५०. मागच्या टायरचा वजनाचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त असतो, कारण डबलसीट मागं बसते. ट्रिपलसीटसाठी कोणताच आकडा नाही.

दोनच टायर बदलायचे पैसे असतील तर नवे कुठे, पुढे की मागे? मागे. पुढचे घसरले तर वेग कमी करून गाडी हातात येऊ शकते, मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं फार अवघड. एका धुरीवर दोन्ही टायर एकाच साइजचे, एकाच प्रकारचे.

आणि शेवटचा प्रश्न एका काकांचा, स्टेपनी बारीक का दिली आहे नव्या गाडीत? काका, ती तात्पुरती आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरात ८० लिहिलेलं असेल, त्यापेक्षा जोरात न्यायची नाही आणि लवकरात लवकर मूळ टायर दुरुस्त करून बसवायचा. तिची हवाही वेगळी असते, बऱ्याचदा ६० पीएसआय, आणि ती तिच्यावरच लिहिलेली असते. समृद्धीवर पंक्चर झालं तर ती लावून डाव्या लेननं पुढच्या इंटरचेंजपर्यंत यायचं आणि खाली उतरायचं. पण निघायच्या सकाळी चार टायरची हवा बघताना पाचवीचीही बघा, कारण डिकीत पडून पडून सगळ्यात आधी तीच रिकामी झालेली असते.